जरा अंधार करा ना, प्लीज!

पडदे म्हटलं की आपण आधी कलर बघतो आणि मग रेट. पण रात्रभर कॉल घेऊन सकाळी घरी येणाऱ्याला विचारा, पडदा म्हणजे काय चीज असते ते! तुमच्या खिडकीला नेमकं काय हवंय? आधी चुकून आणि मग शिकून लिहिलेला हा पडद्यांचा फंडा...

सकाळचे आठ. खराडीतल्या आमच्या टू बीएचकेमध्ये यावेळी दोन वेगवेगळे दिवस चालू असतात. मी कॉफीचा मग घेऊन लॅपटॉप उघडत असते आणि माझी रूममेट दारातच सँडल काढून थेट बेडच्या दिशेने निघालेली असते. तिचा क्लायंट कॅलिफोर्नियाचा. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे आपली रात्र हा तिचा दिवस आणि आपला दिवस ही तिची रात्र. निदान कागदावर तरी!

प्रत्यक्षात काय व्हायचं? तिची बेडरूम पूर्वेची. साडेआठला सूर्य थेट उशीवर हजर. खिडकीला फ्लॅटबरोबरच मिळालेले क्रीम कलरचे झिरझिरीत पडदे. डोक्यावरून पांघरूण घे, डोळ्यांवर ओढणी बांध, भिंतीकडे तोंड कर... सगळे उपाय करून बाई बारा वाजता टक्क जाग्या! झोप जेमतेम साडेतीन तास. असे दोन महिने गेले. चिडचिड, डोकेदुखी, जेवणाचा पत्ता नाही.

एका दुपारी मी किचनमध्ये गेले तर ही ओट्याला टेकून उभी. दूध उतू जाऊन गॅसची ज्योत विझलेली, बटण चालूच, घरभर गॅसचा वास. आणि हिला पत्ताच नाही. उभ्या उभ्या डुलकी लागली होती! मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही. त्या संध्याकाळी तिने राजीनाम्याचा मेल टाइप केला. पाठवला नाही, ड्राफ्टमध्ये ठेवला. म्हणाली, "अगं, काम जमतंय मला. झोप जमत नाहीये."

आणि आम्ही पडदे घ्यायला निघालो.

पहिला प्रयोग फसला!

एका चकचकीत दुकानातून आम्ही मरून रंगाचे दोन रेडीमेड पडदे उचलले. पाकिटावर 'ब्लॅकआउट' असं ठळक लिहिलेलं. लूक एकदम रिच. जुन्या रॉडवर अडकवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, पडद्यातून उजेड येत नव्हता हे खरं, पण वरून, खालून, दोन्ही कडांनी आणि मधल्या फटीतून मात्र आरामात येत होता. जणू खिडकीला उजेडाची झगमगती फ्रेम! झोपेत फरक? अर्ध्या तासाचा.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून रविवार पेठेतल्या एका जुन्या कापडवाल्या काकांकडे गेलो. मी सवयीप्रमाणे विचारलं, "ब्लॅकआउट कापड कसं दिलं?" काकांनी कापड काढलंच नाही. म्हणाले, "भाव सांगतो हो ताई. आधी तीन गोष्टी सांगा. खिडकी कुठल्या दिशेला आहे? त्या खोलीत झोपतं कोण, आणि किती वाजता? आणि रॉड भिंतीवर आहे की खिडकीच्या चौकटीत?"

मंडळी, पडदे घेण्याचं अख्खं शास्त्र या तीन प्रश्नांत आहे. कलर चौथ्या नंबरवर!

अंधार हवाच कशाला?

"मला तर कुठेही झोप लागते" म्हणणारे तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. पण झोप लागणं वेगळं आणि ती नीट होणं वेगळं. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. ते पेशींच्या पातळीवर कसं चालतं, हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे घड्याळ लावायची किल्ली म्हणजे प्रकाश. आपल्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यात काही खास पेशी असतात. त्या बघण्यासाठी नसतात, तर 'दिवस आहे की रात्र' एवढंच मेंदूला कळवत राहतात. निळसर प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात आणि सकाळच्या उजेडात हा निळसर भाग भरपूर असतो. तो डोळ्यांत गेला की मेलाटोनिन हे रात्रीचं हार्मोन कमी होतं आणि मेंदू म्हणतो, उठा!

डोळे मिटले की काम भागतं असंही नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २० निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. त्यातले काही जण एक रात्र १०० लक्सच्या, म्हणजे खोलीतल्या साध्या दिव्याएवढ्या उजेडात झोपले. झोपेत त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले दिसले आणि सकाळी शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही कमी झालेला आढळला. प्रयोग छोटा होता, पण विचार करायला लावणारा. त्याच वर्षी झोप आणि प्रकाश या विषयातल्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलं, की झोपताना डोळ्यांपाशी उजेड साधारण १ लक्सच्या वर नसावा. भर उन्हात तोच आकडा १ लाखाच्या घरात असतो. आता कळलं, नुसती ओढणी का पुरत नाही ते?

रात्रपाळीवाल्यांसाठी तर हा चैनीचा विषयच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. घाबरून जाऊ नका, याचा अर्थ प्रत्येकाला आजार होणारच असा नाही. पण झोपेच्या खोलीवर केलेला खर्च वाया जात नाही, एवढं नक्की.

तुमची खिडकी कुठे बघते?

मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि खिडकीसमोर उभे राहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण हजारो रुपये वाचवतं.

पूर्व : सकाळी ऊन थेट आत, दुपारी सुटका. नऊ ते सहा ऑफिसवाल्यांना मस्त. उजेडाने आपोआप जाग येते. सकाळी झोपणाऱ्याला मात्र शिक्षा.

पश्चिम : सकाळभर शांत, दुपारी एक-दोननंतर भट्टी. संध्याकाळचा सूर्य खाली आलेला असतो, त्यामुळे वरच्या छज्जाचा उपयोग जवळपास शून्य. सगळ्यात जास्त काळजी या खिडकीची घ्यायची.

दक्षिण : डिसेंबरमध्ये पुण्यात दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन खोलीत लांबवर येतं आणि थंडीत ते हवंहवंसं वाटतं. मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा छज्जाच काम करून टाकतो. इथे हलके पडदे पुरतात.

उत्तर : वर्षभर सौम्य उजेड. फक्त मे ते जुलैमध्ये सकाळी लवकर आणि मावळताना तिरपं ऊन येतं. लिहायला, वाचायला, व्हिडिओ कॉलला ही खोली बेस्ट.

काकांनी आमची गोष्ट ऐकली आणि विचारलं, "दुसरी बेडरूम कुठल्या दिशेला?" मी म्हटलं, "पश्चिमेला. त्यात मी झोपते." काका हसले. "मग आधी खोल्या बदला की! त्याला पैसे पडत नाहीत."

आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. दोन महिन्यांत हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं! माझ्या खोलीत सकाळी थेट ऊन नाही, आणि ती खोली तापायला लागेपर्यंत हिची बरीचशी झोप झालेली असणार. मला काय, पूर्वेचं ऊन अलार्मसारखं उपयोगी पडणार. त्याच रविवारी कपाटं हलवली. पडदा न बदलताही ती पहिल्याच आठवड्यात पाच तास झोपायला लागली.

उजेड अडवायचा की ऊन?

इथे बहुतेक जण गोंधळतात. उजेड अडवणं आणि उष्णता अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊन काचेतून आत येतं, गडद पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता आता तुमच्या खोलीत असते. काच ती सहजासहजी परत बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद कारमध्ये होतं तेच. म्हणून काळाकुट्ट पडदा खोलीत अंधार करेल, पण खोली गार करेलच असं नाही.

उपाय दोन. एक, पडद्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकी ठेवा, म्हणजे थोडं ऊन तिथूनच परत फिरेल. खोलीकडची बाजू तुमच्या आवडीच्या रंगाची. दुसरा उपाय जास्त परिणामकारक आहे : ऊन काचेपर्यंत पोहोचायच्या आधीच अडवा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, बंगल्यांच्या व्हरांड्यात बांबूचे चिकाचे पडदे आणि वाळ्याचे पडदे उगाच लावत नव्हते! वाळ्यावर पाणी मारलं की येणारा वारा गार आणि सुगंधी. आज बाल्कनीला बाहेरच्या बाजूने बांबूचा चिक लावला तर लूकही हटके आणि खोलीही कमी तापते. फक्त तो खालून नीट बांधा. उंच मजल्यावरचा वारा चिकाला पतंग करतो. आणि लावण्याआधी सोसायटीला विचारा, नाहीतर सेक्रेटरीकाका आलेच वर!

दुकानात काय काय मिळतं?

आता मुद्द्याचं शॉपिंग. सेल्समन पटापट नावं फेकतो, त्याचा अर्थ असा.

ब्लॅकआउट कापड : हे दोन प्रकारचं असतं. एकात कापडाच्या मागे थर चढवलेले असतात. 'थ्री पास' म्हणजे पांढरा, काळा आणि पुन्हा पांढरा असे तीन थर. दुसऱ्यात विणतानाच आत काळा धागा घातलेला असतो. पहिलं जास्त अंधार करतं, दुसरं जास्त मऊ पडतं आणि धुवायला सोपं जातं. 'डिमआउट' किंवा 'रूम डार्कनिंग' लिहिलं असेल तर पूर्ण अंधाराची अपेक्षा नको. सोपी टेस्ट म्हणजे मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरा आणि समोरून बघा. दुकानदार काही म्हणत नाही, उलट तुम्हाला जाणकार समजतो!

ब्लॅकआउट अस्तर : तुमचे आधीचे पडदे सुंदर आहेत? मग ते टाकू नका. मागून ब्लॅकआउट अस्तर लावून घ्या. सगळ्यात स्वस्त आणि शहाणा पर्याय.

रोलर ब्लाइंड : सुटसुटीत, जागा खात नाही. पण चौकटीच्या आत बसवला तर दोन्ही बाजूंना बोटभर फट राहतेच. झोपेच्या खोलीत चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवा.

सनस्क्रीन ब्लाइंड : बारीक जाळीचं कापड. १, ३, ५, १० टक्के असे आकडे असतात, म्हणजे जाळी किती उघडी आहे ते. आकडा कमी तेवढी चमक कमी. दिवसा आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. पण रात्री आत दिवा लागला की उलटं होतं हं! वर्क फ्रॉम होमच्या टेबलासाठी उत्तम, बेडरूमसाठी एकटं पुरत नाही.

व्हेनिशियन : आडव्या पट्ट्यांचे. पट्ट्या वर वळवल्या की ऊन छताकडे जातं आणि खोलीत सौम्य उजेड राहतो. कंट्रोल मस्त, पूर्ण अंधार नाही. आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर धूळ पुसायची तयारी ठेवा.

झेब्रा : जाड आणि पारदर्शक पट्ट्या एकाआड एक. दिसायला एकदम ट्रेंडी. हॉलसाठी छान, रात्रपाळीवाल्यांनी लांबूनच बघावा.

रोमन : कापडाच्या घड्या वर जातात. अस्तर लावलं तर चांगला अंधार होतो, छोट्या खिडकीला शोभतो.

घरात लहान मुलं येत-जात असतील तर लोंबणाऱ्या दोरीचे ब्लाइंड घेऊच नका. दोरीचा फास गळ्याला बसून मुलं दगावल्याच्या घटना झाल्या आहेत. म्हणूनच अमेरिकेत २०१८ पासून तयार मिळणाऱ्या ब्लाइंड्सना मोकळी लोंबणारी दोरी नसावी असं स्टँडर्ड लागू झालं. दोरीविना चालणारे प्रकार आपल्याकडेही मिळतात, मागून घ्या.

सगळा खेळ कडांचा!

आमचे मरून पडदे का फसले, ते आता सांगते. कापड चांगलं होतं, माप चुकलं होतं. खिडकी सहा फुटांची, रॉडही तेवढाच. रेडीमेड पडद्याची रुंदी साधारण चार फूट. आम्ही घेतले दोन. आठ फूट कापड सहा फुटांवर ताणलं की चुण्या पडत नाहीत आणि मध्ये फट उघडते.

बरोबर गणित असं. खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा इंच जादा धरा. म्हणजे सहा फुटांच्या खिडकीला सात फुटांचा रॉड. कापड त्याच्या दुप्पट, म्हणजे चौदा फूट. चार फुटी पडदे चार लागतील. दोन नव्हेत!

उंचीचंही तसंच. रेडीमेड पडदे बहुतेक पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतात. खिडकी चार फुटांची म्हणून पाच फुटी घेतला तर रॉड वर चढवल्यावर खाली काहीच उरत नाही. सात फुटी घ्या आणि हवा तेवढा कापून शिवून घ्या. खिडकीच्या खाली सहा-आठ इंच तरी यायला हवा. शिवून घेणार असाल तर मोठ्या पन्ह्याचं कापड बघा, म्हणजे मध्ये जोड येत नाहीत. थर दिलेल्या कापडात शिलाईच्या भोकांतूनही उजेडाचे ठिपके येतात, म्हणून जोड जेवढे कमी तेवढं बरं.

वरची फट? गोल कड्यांचे आयलेट पडदे दिसतात झकास, पण वरून उजेड सोडतात. त्यापेक्षा छताला लावलेल्या ट्रॅकवरचे चुणीचे पडदे चांगले. नाहीतर वर लाकडी पेल्मेट करा. बाजूची फट बंद करायला दोन्ही टोकांना भिंतीकडे वळलेला रॉड मिळतो. तेही नको असेल तर पडद्याची कड वेलक्रोने भिंतीला चिकटवा. मधली फट? दोन पडदे एकमेकांवर चार इंच चढवा आणि कपड्यांचा चिमटा लावा. हसू नका, आमच्याकडे अजून तोच आहे!

घर भाड्याचं आहे?

घरमालक ड्रिल करू देत नसेल तर चौकटीत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड घ्या. हलक्या पडद्याला तो पुरतो, जड पडदा मात्र मध्यरात्री धाडकन खाली येतो. अगदीच घाई असेल तर काळा कार्डपेपर चौकटीच्या मापाने कापून चिकटवा, पण उन्हातल्या काचेला थेट चिकटवू नका. काच एकीकडे जास्त तापून तडकू शकते. आणि चांगला आय मास्क तर हवाच.

काळ्या कागदावरून आठवलं. माझी आजी गिरगावात राहायची. १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट असायचा, तेव्हा लोकांनी खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवले होते. आमचे पडदे बघून म्हणाली, "आम्ही आतला उजेड बाहेर जाऊ नये म्हणून धडपडायचो आणि तुम्ही बाहेरचा आत येऊ नये म्हणून!" ब्लॅकआउट हा शब्दही आधी युद्धातच गाजला. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून रात्रीच्या खिडक्या अशा झाकल्या जात होत्या.

चटकन टिप्स

* दिवसाची ड्यूटी असेल तर दोन थर लावा : एक झिरझिरीत, एक जाड. सकाळी जाड पडदा थोडा उघडा ठेवा. उठायला उजेड लागतोच. दिवसभर खोली अंधारी ठेवणं तब्येतीला चांगलं नाही.
* रात्रपाळी असेल तर घरी येताना गॉगल घाला, पण गाडी तुम्ही चालवत नसाल तरच. डोळ्यांवर झोप असताना गाडी चालवणं हा भलताच धोका.
* खोलीतले छोटे दिवेही बघा. राउटर, एसी, चार्जर यांच्या लाइटवर काळी टेप लावा.
* थर दिलेले पडदे पिळू नका आणि मागच्या बाजूने गरम इस्त्री फिरवू नका. थर तडकतो, चिकटतो.
* पावसाळ्यात पडदा ओलसर भिंतीला टेकू देऊ नका. रोज थोडा वेळ खिडकी उघडा, नाहीतर बुरशी ठरलेली.
* बजेट कमी असेल तर अख्ख्या घराचे पडदे बदलू नका. फक्त झोपेच्या खोलीचे बदला.

तर, आमच्याकडे पुढे काय झालं? पश्चिमेच्या खोलीत छताला ट्रॅक लागला (घरमालकांना चहाला बोलावून परवानगी काढली!). त्याच मरून पडद्यांना आणखी दोन जोडले. बाल्कनीबाहेर चिक आला. आता ती साडेआठला झोपते आणि तीनला उठते. साडेसहा तास. पडद्याने शिफ्ट बदलत नाही, हे खरं. सणासुदीला तिची अजूनही ओढाताण होते आणि दिवसाच्या प्रोजेक्टसाठी तिने अर्ज केलाय तो केलायच. पण तो राजीनाम्याचा मेल मात्र अजून ड्राफ्टमध्येच आहे. आणि दूध उतू गेलेलं नाही.

परवा सकाळी दहाला कुरिअरवाल्याने बेलवर बोट ठेवलं ते काढेच ना. मी धावत जाऊन दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून म्हटलं, "दादा, जरा हळू... आमच्याकडे रात्र आहे!"